सेऊल नगरीत आहार, निवास व खरेदी

परदेशगमन ही आपल्या व्यापारी घराण्यांस आता अपूर्वाई राहिलेली नाही. कापड, दागिने, यंत्रे, प्रसाधने अशा नाना निमित्तांनी आपली तरुण मंडळी पूर्वेकडील देशांत जाऊ लागली आहेत. दक्षिण कोरियाशी आपल्या देशाचा आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. पुण्याजवळ रांजणगाव येथे कोरियन कारखाना उभा आहे. त्यामुळे आज ना उद्या आपल्यापैकी कोणास तरी सेऊल या राजधानीची वाट धरावी लागेल, हे उघड आहे. अशा बांधवांस उपयोगी पडावी म्हणून तेथील भोजन, निवास व बाजार यांविषयी थोडी व्यवस्थित माहिती येथे देत आहोत.

प्रथमच एक गोष्ट सांगणे इष्ट आहे. सेऊलला जाणारा माणूस बहुधा आधी मालाचा विचार करतो, नंतर उताऱ्याचा, आणि भोजनाचा विचार तेथे भूक लागल्यावर करतो. शाकाहारी मनुष्याने हा क्रम उलटा करावा. आहाराची सोय आधी, तिच्या अनुरोधाने निवास, आणि मग बाजार. हा क्रम ज्याने पाळला त्याचा नेमही टिकतो आणि व्यापारही होतो.

नगरीचा परिचय

सेऊल ही हान नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली प्राचीन नगरी आहे. जोसन राजवंशाची स्थापना १३९२ मध्ये झाली आणि १३९४ मध्ये त्याने येथे राजधानी आणली. नगरास तट बांधला, वेशी उभारल्या. दक्षिणेकडील महाद्वार १३९८ मध्ये पुरे झाले. २००८ मध्ये एका माथेफिरूने त्यास आग लावली; २०१३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार होऊन ते पुन्हा खुले झाले. कोरियन भाषेत ‘नाम’ म्हणजे दक्षिण, ‘दोंग’ म्हणजे पूर्व, व ‘देमुन’ म्हणजे महाद्वार. एवढे ध्यानात ठेवले की ‘नामदेमुन’ आणि ‘दोंगदेमुन’ या दोन मोठ्या बाजारांची नावे परकी वाटत नाहीत. आपल्याकडे वेशीबाहेर बाजार भरत असे, तसेच हे वेशीजवळचे बाजार होत.

इंचन येथील विमानतळावरून शीघ्रगती आगगाडीने सुमारे पाऊण तासात सेऊल स्थानक येते. पुढे भूमिगत रेल्वेची चौथी मार्गिका धरावी. नामदेमुनजवळचे होएह्योन, हॉटेलांनी गजबजलेले म्योंगदोंग आणि दोंगदेमुन ही तिन्ही ठिकाणे या एकाच मार्गिकेवर आहेत. ‘टी-मनी’ नावाचे एक कार्ड घेऊन त्यात पैसे भरले की रेल्वे व बस दोहोंचे भाडे भागते.

आहार: प्रश्न आणि उत्तर

कोरियन जेवणात भात, भाज्या, सोयाबीनचे दही म्हणजे टोफू, आणि पाच-सात लहान वाट्यांत मांडलेली तोंडी लावणी असतात. ताट पाहून शाकाहाऱ्यास धीर येतो. पण हा धीर बहुधा फसवा असतो. ‘गोगी’ म्हणजे मांस. हा शब्द तेथे पशुपक्ष्यांच्या मांसापुरताच समजला जातो. ‘गोगी नको’ म्हटल्यास तो भला खानावळवाला मांसाचे तुकडे काढून घेईल, परंतु ज्या पाण्यात भाजी शिजली ते पाणी सुक्या मासळीचे असेल. किमची हे कोबीचे प्रसिद्ध लोणचे सामान्यतः खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क, आणि भरपूर लसूण घालूनच मुरविलेले असते. यात त्याचा कपटभाव मुळीच नसतो. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने आपले म्हणणे तंतोतंत पाळलेले असते. दोष असेल तर तो अपुऱ्या शब्दांचा.

यासाठी प्रत्येक प्रवाशाने एक चिठ्ठी कोरियन लिपीत लिहून जवळ ठेवावी, आणि पुढील शब्द तोंडपाठ करावेत: गोगी म्हणजे मांस, सेंगसन म्हणजे मासे, सेउ म्हणजे कोळंबी, ग्येरान म्हणजे अंडे, युकसु म्हणजे रस्स्यासाठी उकळलेले पाणी, मानल म्हणजे लसूण, यांगफा म्हणजे कांदा, फा म्हणजे कांद्याची पात. या शब्दांपुढे ‘प्पे जुसेयो’ जोडले की ‘एवढे वगळून द्या’ असा अर्थ होतो. ‘मी शाकाहारी आहे’ एवढेच म्हणून थांबू नये. काय काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगावे.

या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर तेथील बौद्ध मठांच्या पाकशाळेत सापडते. तिच्या अन्नास ‘साचाल उमशिक’ म्हणजे मंदिराचे अन्न असे म्हणतात. त्यात मांस-मासे नसतातच, शिवाय पाच उग्र पदार्थही वर्ज्य असतात. या पाचांस ‘ओशिन्चे’ असे नाव आहे. लसूण, कांद्याची पात व त्याच जातीच्या आणखी दोन रानटी-बागायती पाती हे चार झाले. पाचवा पदार्थ वाचून आपल्या गृहिणींना हसू येईल. त्याचे नाव संस्कृत ‘हिंगु’ या शब्दावरूनच चिनी भाषेत गेले; म्हणजे तो आपला हिंग! आपण कांदा-लसूण टाकून फोडणीत हिंग घालतो. त्या भिक्षूंनी तिन्ही टाकले. चित्त चाळवणारे अन्न साधकास नको, हा विचार मात्र एकच.

हे अन्न कोठे मिळते? नगराच्या मध्यभागी जोग्येसा हे बौद्धांच्या जोग्ये संघाचे मुख्य मंदिर आहे. त्याच्या समोरच्या इमारतीत त्याच संघातर्फे चालविले जाणारे ‘बारु गोंग्यांग’ हे भोजनगृह २००९ मध्ये सुरू झाले, आणि पुढे मिशेलिनच्या सेऊल मार्गदर्शिकेत त्यास तारांकित स्थानही मिळाले होते. तेथे आगाऊ जागा राखून ठेवावी लागते. नगराच्या वायव्येस बुखान पर्वताच्या पायथ्याशी जिनग्वान्सा नावाचा मठ आहे. त्याची पाकशाळाही या अन्नासाठी नावाजलेली आहे.

‘बारु’ म्हणजे भिक्षूंचे लाकडी पात्र. एकात एक बसणारी अशी चार पात्रे असतात: भाताचे, रस्स्याचे, भाजीचे व पाण्याचे. मठातील विधिपूर्वक भोजनात शेवटचे शीतही टाकत नाहीत. पात्रे पाण्याने विसळून ते पाणी पिऊन टाकतात. ताट धुऊन पिण्याची रीत आपल्या घरांतून ज्यांनी वाडवडिलांच्या वेळेपासून पाहिली आहे, त्यांना हजारो कोसांवर तीच रीत पाहून काय वाटेल ते निराळे सांगावयास नको.

तथापि सारखेपणा दिसला म्हणून एकरूपता मानू नये. मठाच्या स्वयंपाकात कंदमुळे वर्ज्य नाहीत. मुळा, बटाटा, कमळाचे देठ, डोंगरातील औषधी मुळे यांचा तेथे मुक्त वापर होतो; अळंबीही फार. मुरविलेले पदार्थ तर त्या पाकशास्त्राचा प्राणच होत. ज्यांना कंदमुळांचा त्याग आहे त्यांनी ‘प्पुरी-छेसो’ म्हणजे मुळांच्या भाज्या, हा शब्द आपल्या चिठ्ठीत अवश्य लिहावा आणि जागा राखतानाच कळवावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी ऋतूचाही विचार करावा. जूनअखेर सेऊलला सूर्य रात्री आठच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात मात्र सव्वापाचलाच अंधार पडतो.

साध्या उपाहारगृहांत चालण्यासारखे काही पदार्थ आहेत. उन्हाळ्यात मिळणारे ‘खोंग-गुक्सु’ म्हणजे सोयाबीनच्या थंडगार दुधातील गव्हाच्या शेवया. त्यात बहुधा मीठच तेवढे असते. भोपळ्याची लापशी ‘होबाक-जुक’ आणि लाल चवळीसारख्या द्विदलाची ‘फात-जुक’ याही बऱ्या. ‘बिबिमबाप’ म्हणजे भाज्या मांडलेला भात मागविताना अंडे व मांस वगळण्यास सांगावे, आणि वरचा तिखट लाल मसाला वेगळ्या वाटीत मागून त्यात काय आहे ते विचारून घ्यावे. तांदळाच्या पिठीचे वाफवलेले गोड पदार्थ ‘त्तोक’ या नावाने सर्वत्र विकले जातात. त्यांतील ‘सोंगप्योन’ हा तीळ वा डाळीचे सारण भरलेला अर्धचंद्राकार पदार्थ आपल्या उकडीच्या मोदकाचा सख्खा चुलतभाऊच म्हणावा. ‘याकग्वा’ या तळलेल्या मिठाईत मात्र मध असतो, हे मध न खाणाऱ्यांनी जाणून असावे. फळे उत्तम मिळतात: नासपती, सफरचंद, ‘गाम’ नावाचे तेंदूसारखे केशरी फळ, आणि जेजू बेटाची संत्री.

आपल्या पद्धतीचे जेवण हवे असल्यास दोन भाग ध्यानात ठेवावेत. दोंगदेमुन स्थानकालगतच्या छांगसिनदोंग भागात नेपाळी भोजनगृहे आहेत. इतेवॉन भागात, १९७६ मध्ये उघडलेल्या मशिदीच्या आसपास, भारतीय भोजनगृहे आणि डाळ, पीठ, मसाले विकणारी दुकाने आहेत. तथापि अशा बहुतेक ठिकाणी मांसाहारही शिजतो; भांडी व तेल यांची चौकशी ज्याची त्याने करावी.

घरून शिदोरी न्यावी हे तर आलेच. खाकरे, भाजलेले पीठ, चिवडा असे कोरडे पदार्थ न्यावेत. ताजी फळे, भाज्या, बी-बियाणे व दुधाचे पदार्थ यांवर तेथील विमानतळावर कडक तपासणी आहे. ते नेऊ नयेत, आणि शंका असेल ते स्वतः होऊन जाहीर करावे.

निवास

निवासाचे ठिकाण कामावरून ठरवावे. कापड व तयार कपड्यांच्या घाऊक खरेदीस गेलेल्याने दोंगदेमुन भागातच उतरावे. तेथील घाऊक बाजार रात्री भरतो; पहाटे दोन वाजता गाठोडी घेऊन नगराच्या दुसऱ्या टोकास जाणे सुखाचे नाही. दागिने, हस्तकला, कागद यांचे काम असणाऱ्यास जोंगनो व इन्सादोंग भाग सोयीचा. जोग्येसा मंदिर व त्यासमोरील भोजनगृह तेथून पायी गाठता येते. यंत्रे वा इतर मालाच्या प्रदर्शनासाठी आलेल्यास नदीच्या दक्षिणेस गांगनाम भागातील कोएक्स या प्रदर्शनस्थळी जावे लागते. त्याच्या समोरच बोंगउन्सा हा ७९४ मध्ये स्थापन झालेला मठ आहे. दिवसभराच्या कलकलाटातून बाहेर पडून घटकाभर तेथे टेकावे.

उताऱ्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांपैकी ‘रेसिडेन्स’ या नावाने ओळखली जाणारी स्वयंपाकाची सोय असलेली बिऱ्हाडे आपल्यास सर्वांत उपयुक्त. तेथे विजेची शेगडी, थोडी भांडी व शीतकपाट असते. एक लहानसा कुकर बरोबर नेला की खिचडीची चिंता मिटली. वीज २२० व्होल्टची असून भोके दोन गोल पिनांची आहेत.

सहकुटुंब जाणाऱ्यांनी एक-दोन रात्री जुन्या पद्धतीच्या घरात, म्हणजे ‘हानोक’मध्ये, अवश्य काढाव्यात. तेथे जमीनच उबदार केलेली असते. पूर्वी चुलीचा धूर फरशीखालून खेळवीत; आता गरम पाणी नळांतून फिरवितात. या योजनेस ‘ओंदोल’ म्हणतात. जमिनीवर गादी घालून निजावयाचे आणि पादत्राणे उंबऱ्याबाहेर ठेवावयाची. आपल्या मंडळींस यात शिकण्यासारखे काही नाही. बुकछोन ही अशा घरांची वस्ती दोन राजवाड्यांच्या मधोमध आहे. तेथे लोक राहतात, म्हणून गल्ल्यांतून शांतपणे जावे.

मठांतही राहता येते. २००२ च्या विश्वचषक फुटबॉल सामन्यांच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी मठांनी आपली दारे उघडली. तेव्हापासून ‘टेंपल-स्टे’ ही व्यवस्था कायम झाली आहे. पहाटे उठणे, मौन, सकाळ-संध्याकाळ उपासना व लवकर भोजन असा तेथील क्रम असतो. ज्यांस रात्रिभोजनाचा त्याग आहे त्यांना हा क्रम जड वाटणार नाही.

बाजार व खरेदी

नामदेमुन बाजाराचा उगम १४१४ च्या सुमारास सरकारी दुकानांतून झाला. मुलांचे कपडे, भांडी, चष्मे, शोभेच्या वस्तू, काय वाटेल ते तेथे मिळते. जोंगनो भागातील ग्वांगजांग बाजाराची कथा आपल्यासारख्या संघटित व्यापाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानचा वरचष्मा वाढला आणि नामदेमुनच्या उलाढालीवरही त्याची छाया पडली. तेव्हा १९०५ मध्ये कोरियन व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन, भांडवल उभारून स्वतःची कंपनी काढली आणि हा कायमचा बाजार वसविला. एकेकटा दुकानदार जे करू शकला नसता ते मंडळाने केले. आज तेथे रेशीम, पारंपरिक पोषाखाचे कापड व बिछान्याचे सामान घ्यावे. तेथील तव्यावर मुगाची धिरडीही तळली जातात. पण पिठात मांस वा कांद्याची पात असते, तेव्हा केवळ पाहून समाधान मानावे.

दोंगदेमुन हे कापडाचे माहेरघर. कोरियन युद्धात उत्तरेकडून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनी छोंग्येछन या ओढ्याकाठी शिवणयंत्रे मांडली. त्यांतूनच १९६० नंतरच्या दशकारंभी ‘प्योंगह्वा’ म्हणजे शांती नावाची बाजारपेठ उभी राहिली. या वैभवाची दुसरी बाजूही जाणून घ्यावी. याच पेठेतील जन थे-इल या बावीस वर्षांच्या कामगाराने, अंधाऱ्या माळ्यांवर राबणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या हालांकडे लक्ष वेधण्यासाठी, १३ नोव्हेंबर १९७० रोजी स्वतःस जाळून घेतले. ओढ्यावरील पुलावर त्याचा पुतळा आहे. स्वस्त माल उचलताना तो कोणाच्या कष्टाने स्वस्त झाला, हा प्रश्न त्या पुलावर मनात आल्याशिवाय राहत नाही.

कापडाचे तागे, फिती, गुंड्या व साखळ्या यांसाठी १९७० मध्ये सुरू झालेला दोंगदेमुन सर्ववस्तू बाजार पाहावा. तो दिवसा चालतो व रविवारी बंद असतो. दुकानांबाहेर कापडाचे नमुने टांगलेले असतात. ते निःसंकोच मागून घ्यावेत. तयार कपड्यांच्या घाऊक इमारती मात्र रात्री आठ-नऊपासून पहाटेपर्यंत जाग्या असतात. तेथे अंगावर घालून पाहणे किंवा माल बदलून मागणे शिष्टसंमत नाही. रोख व्यवहारास मान आहे. परगावच्या दुकानदारांसाठी रात्रभर दुकाने फिरून माल उचलणारे अडत्ये तेथे असतात. त्यांना ‘सामछोन’ म्हणतात. त्याचा अर्थ काका. अडत्यास काका म्हणणारा बाजार आपल्यास परका कसा वाटावा?

जोंगनोच्या तिसऱ्या विभागात सोन्या-चांदीची घाऊक पेठ आहे, बांगसान बाजारात खोकी, पिशव्या व छपाईचे सामान मिळते, आणि ग्योंगदोंग येथे जिनसेंग व वनौषधींचा मोठा बाजार आहे.

मापे व आकडे आधीच समजून घ्यावेत. कायद्याने मीटर व ग्रॅम असले तरी कापडवाले ‘मा’ बोलतात. तो जवळजवळ आपला वार होय. सराफ ‘दोन’ बोलतात. ती संख्या नव्हे, वजन आहे. एक दोन म्हणजे ३.७५ ग्रॅम, अर्थात तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित कमी. आकडे ते दहा हजारांच्या पटीत मोजतात. दहा हजारांस ‘मान’ म्हणतात. ‘साम मान’ म्हणजे तीस हजार, आणि ‘शिप मान’ म्हणजे आपला एक लाख. हिशेबात एक शून्य इकडचे तिकडे होऊन फसगत होते ती येथेच. म्हणून भाव नेहमी यंत्रावर आकडे दाबून दाखवावयास सांगावा. वस्तूंच्या किमतीत दहा टक्के मूल्यवर्धित कर अंतर्भूत असतो. पर्यटकांस करपरतीची पाटी असलेल्या दुकानांतून तो काही अंशी परत मिळतो; त्यासाठी पारपत्र जवळ ठेवावे.

लिपीचे भय बाळगू नये. राजा सेजोंग याने १४४६ मध्ये प्रजेसाठी प्रसिद्ध केलेली ही लिपी व्यंजनास स्वर जोडून अक्षर बनविते. बाराखडी घोकलेल्या माणसास ती चार दिवसांत वाचता येते.

एक सूचना तिथींची. चांद्र वर्षारंभाचा ‘सोल्लाल’ आणि शरदातील ‘छुसोक’ या सणांत बाजार बंद असतात. छुसोक हा भाद्रपदाच्या, क्वचित आश्विनाच्या पौर्णिमेस येतो. आपली दिनदर्शिका पाहूनच बेत ठरवावा.

यजमानाच्या पंक्तीस

खरी कसोटी दुकानात लागत नाही, यजमानाच्या पंक्तीस लागते. सौदा ठरला की कोरियन व्यापारी पाहुण्यास सायंभोजनास नेतो. तेथे मांस भाजले जाते व मद्य ओतले जाते. अशा वेळी ताटावर बसून नकार देणे त्यास अपमानासारखे वाटते, आणि संकोचाने गप्प बसावे तर आपला नेम बुडतो. यावर उपाय एकच: बोलावणे येताच, आदल्या दिवशीच, आपला आहारनेम पत्राने कळवावा, आणि मंदिराच्या अन्नाचे भोजनगृह आपणच सुचवावे. पेला दोन्ही हातांनी घ्यावा, त्यात जवाचा चहा ओतून घ्यावा आणि यजमानाबरोबर उचलावा. पैसे किंवा नामपत्रिका देतानाही दोन्ही हात पुढे करावेत. त्या देशात भिक्षूंचा व्रतस्थपणा शतकानुशतके लोकांच्या परिचयाचा आहे; त्यामुळे वेळेवर व नम्रतेने सांगितलेला नेम तेथे विक्षिप्तपणा ठरत नाही. जो आपल्या ताटाविषयी शब्दाचा पक्का, तो मालाच्या भावाविषयीही शब्दाचा पक्का असेल, असा विश्वास उलट यजमानाच्या मनात उत्पन्न होतो. आणि व्यापाऱ्याला त्याहून मोठे भांडवल कोणते?